एका आकड्यामागचे अकरा आकडे

रात्री अडीचच्या सुमारास एखाद्या वृद्ध गृहस्थांना धाप लागावी, त्यांच्या पत्नीने धडपडत उठून दिवा लावावा, चष्मा कोठे ठेवला ते नेमके त्याच क्षणी आठवू नये, आणि हाताशी असावा तो केवळ कॉर्डलेस दूरध्वनीचा हँडसेट, असा प्रसंग आज भारतातील कोणत्याही शहरात घडण्यासारखा आहे. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरास आणि आईवडील इंदूर, बडोदे किंवा ग्वाल्हेर येथील जुन्या घरात, ही अनेक मराठी कुटुंबांची आता नित्याची रचना झाली आहे. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे राहतात. शेजारच्या बिऱ्हाडातील तरुण मुलगा तर हाकेच्या अंतरावर असतो. परंतु हाक मारण्याचे बळ नसते तेव्हा त्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचण्यास अकरा आकडे लागतात. ते आकडे दूरध्वनीशेजारच्या वहीत टिपलेले असतात हे खरे. पण वही असते तेव्हा चष्मा नसतो, आणि चष्मा सापडावा तर ‘ड’ या अक्षराखाली डॉक्टरांचे तीन क्रमांक असून त्यांतील दोन खोडलेले असतात.

अकरा हा आकडा येथे सहज लिहिलेला नाही. भारतातील क्रमांकयोजनेत गावाचा संकेतांक आणि ग्राहकाचा क्रमांक मिळून दहा आकडे होतात. मुंबईचा संकेतांक 22 असा दोन आकडी, म्हणून तेथील क्रमांक आठ आकडी. इंदूरचा 731 असा तीन आकडी, म्हणून तेथील क्रमांक सात आकडी. मोबाइलचा क्रमांक तर दहा आकडी आहेच. या दहांच्या आधी शून्य लावले की बेरीज अकरा होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात माणसाच्या तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास, दोन इकडे किंवा दोन तिकडे, असल्याचे मांडले होते. म्हणजे घाबरलेल्या माणसाने वहीत एकदा पाहून अकरा आकडे बिनचूक दाबावेत ही अपेक्षा मुळातच अवाजवी ठरते. चार आकडे पाहावेत, ते दाबावेत, पुन्हा वहीकडे वळावे, आणि तेवढ्यात आपण कोठवर आलो होतो याचा विसर पडावा, हाच बहुतेकांचा अनुभव असतो.

या अडचणीवरचा उपाय त्याच यंत्राच्या पोटात असतो, आणि तो बहुधा वापरलाच जात नाही. त्याला ‘स्पीड डायल’ असे नाव आहे. नावात वेग असला तरी त्याचा खरा गुण वेग हा नव्हे. अकरा आकड्यांच्या जागी एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो आणि मधली चूक होण्याची जागाच नाहीशी होते, हा त्याचा खरा गुण होय.

वस्तुतः दूरध्वनीच्या आरंभीच्या काळात क्रमांक नव्हतेच. ग्राहकाने यंत्र उचलावे, मध्यवर्ती केंद्रातील ऑपरेटरला ‘अमक्यांच्या घरी जोडा’ म्हणून सांगावे आणि तिने जोडून द्यावे, अशी रीत होती. अमेरिकेतील लोवेल या गावी 1879 मध्ये गोवराची साथ असताना तेथील डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांच्या मनात अशी शंका आली की, ऑपरेटरच आजारी पडल्या तर त्यांच्या जागी येणाऱ्या नवख्या माणसांना कोणाची तार कोणती हे कसे कळावे? म्हणून त्यांनी ग्राहकांना क्रमांक देण्याची सूचना केली, असे सांगितले जाते. क्रमांक आला तो परक्या माणसाच्या सोयीसाठी. पुढे ऑल्मन स्ट्रॉजर या अंत्यविधीचे साहित्य पुरविणाऱ्या गृहस्थांनी मधल्या माणसालाच वगळणाऱ्या स्वयंचलित जोडणीचे पेटंट 1891 मध्ये मिळविले आणि तसे केंद्र 1892 मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे सुरू झाले. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा स्ट्रॉजरना संशय होता अशी आख्यायिका आहे. कारण काही असो, त्यानंतर आकडे लक्षात ठेवण्याचा भार केंद्राकडून ग्राहकावर आला. भारतात 1960 मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतः थेट परगावी दूरध्वनी लावण्याची सोय झाली. त्यापूर्वी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. ताटकळणे संपले आणि संकेतांकाचे आकडे वाढले.

हा भार यंत्राने पुन्हा स्वतःकडे घेण्यास 1965 साल उजाडावे लागले. न्यू जर्सी राज्यातील सक्कासुन्ना येथे त्या वर्षी बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू झाले. त्याला स्मृती होती. त्यामुळे ग्राहकाने नेहमीचे क्रमांक केंद्राकडे नोंदवून ठेवावेत आणि नंतर एकदोन आकड्यांनीच ते मागवावेत अशी सेवा तेथे देता आली. पुढे स्मृतीची चिप इतकी स्वस्त झाली की ती केंद्रात ठेवण्याचे कारण उरले नाही. ती घरच्या यंत्रातच बसली. आज कॉर्डलेसच्या हँडसेटवरील दोनची कळ धरून ठेवली की डॉक्टरांचे घर लागते, तेव्हा ‘डॉक्टरांकडे जोडा’ या जुन्या वाक्याचाच तो नवा अवतार असतो.

कॉर्डलेसमध्ये ही कळ दाबली असता नेमके काय घडते, हे समजून घेतले तर पुढच्या पुष्कळशा चुका टळतात. या दूरध्वनीचे दोन भाग असतात. एक, भिंतीतील तारेला आणि विजेच्या प्लगला जोडलेले बैठे यंत्र, ज्याला बेस म्हणतात. आणि दुसरा, हातात घेऊन घरभर फिरता येईल असा हँडसेट. या दोहोंत रेडिओलहरींनी संभाषण चालते. युरोपात 1992 मध्ये सिद्ध झालेली ‘डेक्ट’ नावाची मानकपद्धती त्यासाठी 1880 ते 1900 मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरते. भारतीय बाजारातील अनेक यंत्रे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. हँडसेटवरची कळ दाबल्याने तारेवर स्वतः काहीच उमटत नाही. हँडसेट बेसला निरोप देतो आणि बेस त्या निरोपाप्रमाणे तारेवर सूर काढतो. प्रत्येक आकड्याला दोन सूर असतात. पाचसाठी 770 आणि 1336 हर्ट्झ हे दोन एकाच वेळी. पलीकडचे केंद्र त्या जोडीवरून आकडा ओळखते. स्पीड डायलच्या वेळी अकराही जोड्या बेस एकापाठोपाठ एक वाजवितो; त्याला दोनतीन सेकंद लागतात आणि कानाशी धरल्यास ती किणकिण ऐकूही येते.

आता क्रमांक साठविण्याची कृती. यंत्रायंत्रांत थोडाफार फरक असतो, तथापि सर्वसामान्य रीत एकच आहे. हँडसेट उचलावा, पण हिरवी, म्हणजे बोलण्याची, कळ दाबू नये. ज्या आकड्यावर क्रमांक ठेवावयाचा तो आकडा, समजा दोन, पडद्यावर काही उमटेपर्यंत दाबून धरावा. जागा रिकामी असेल तर यंत्र नवी नोंद करण्याविषयी विचारते. मग नाव आणि संपूर्ण क्रमांक घालून जतन करण्याची कळ दाबावी. काही यंत्रांत हीच वाट मेनूतून जाते, तर काहींवर ‘एम’ हे अक्षर असलेल्या स्वतंत्र कळा असतात. वापरण्याची रीत याहून सोपी. तोच आकडा पुन्हा दाबून धरावा, पडद्यावर नाव आले की हिरवी कळ दाबावी. काही यंत्रे हिरव्या कळीचीही वाट पाहत नाहीत.

येथे एक चूक इतक्या जणांकडून होते की तिच्यासाठी थोडे थांबणे योग्य होईल. जुन्या तारेच्या दूरध्वनीची सवय असलेला माणूस आधी रिसीव्हर उचलतो, ‘टूं’ असा आवाज ऐकतो आणि मग आकडे फिरवितो. ही सवय चाळीस वर्षांची असते. कॉर्डलेसवर त्याच सवयीने आधी हिरवी कळ आणि मग दोन दाबले, तर यंत्र स्मृतीकडे न वळता नुसता दोन हा आकडा तारेवर पाठविते. केंद्र पुढच्या आकड्यांची वाट पाहते, ते येत नाहीत, आणि थोड्या वेळाने क्रमांक तपासण्यास सांगणारी ध्वनिमुद्रित बाई बोलू लागते. ‘हे बटण चालत नाही’ म्हणून जी यंत्रे नावाजली गेली आहेत, त्यांतील बहुसंख्य ठणठणीत असतात. दोन कृतींचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. परगावच्या मुलाने दूरध्वनीवरून समजावताना ‘आई, आधी दोन धरून ठेव, नाव दिसू दे, मग हिरवी दाब,’ असे तीन तुकड्यांत सांगितले तर ते पचते. ‘स्पीड डायल कर’ एवढेच सांगितले तर पचत नाही.

दुसरी गोष्ट शून्याची. भारतात 15 जानेवारी 2021 पासून घरच्या तारेच्या दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला क्रमांक लावावयाचा असल्यास आधी शून्य लावणे आवश्यक झाले आहे. त्यापूर्वी आपल्याच परिमंडळातील मोबाइलला शून्याची गरज नव्हती. मोबाइलसाठी क्रमांकांचा साठा वाढावा हा त्या बदलाचा हेतू होता आणि तो रास्तही होता. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. त्या दिवसापूर्वी ज्या ज्या घरातील यंत्रांत जवळच्या माणसांचे मोबाइल शून्याविना साठविले होते, त्या सर्व नोंदी एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. नावे पडद्यावर दिसत राहिली, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. ज्याने कळ दाबून पाहिली त्याला शून्य लावण्याची सूचना ऐकू आली आणि त्याने दुरुस्ती केली. ज्याने पाहिली नाही, त्याच्या यंत्रात ती निरुपयोगी नोंद आजही तशीच पडून असेल.

याच शून्याचा आणखी एक सापळा आहे. आलेल्या दूरध्वनींच्या यादीतून क्रमांक उचलून थेट जतन करण्याची सोय यंत्रात असते आणि आकडे टंकण्याचा त्रास वाचतो म्हणून ती मोहक वाटते. परंतु त्या यादीत मोबाइलचा क्रमांक पुष्कळदा दहाच आकड्यांचा उमटतो. तो तसाच साठविला तर स्मृतीत शून्य जात नाही. म्हणून जतन करण्यापूर्वी पहिल्या जागी शून्य आहे की नाही हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. मोठ्या गृहसंस्थांत किंवा कचेऱ्यांत, जेथे अंतर्गत दूरध्वनीव्यवस्था असते आणि बाहेरची तार मिळविण्यासाठी आधी शून्य किंवा नऊ दाबावे लागते, तेथे घोटाळा अधिकच वाढतो. बाहेरच्या तारेसाठी एक शून्य आणि मोबाइलसाठी दुसरे, अशी दोन शून्ये लागतात. शिवाय बाहेरची तार मिळण्यास क्षणभर वेळ लागतो, आणि यंत्र तर घाईघाईने पुढचे आकडे वाजवून मोकळे होते. पहिले दोनचार आकडे हवेत विरतात. यासाठी कळफलकावर ‘पॉज’ नावाची कळ दिलेली असते. पहिल्या शून्यानंतर ती एकदा दाबून मग पुढचा क्रमांक साठविला, तर यंत्र त्या ठिकाणी काही सेकंद थांबते. ही कळ कशासाठी आहे याचा विचार न करताच अनेकांनी यंत्रे वापरून जुनी केली आहेत.

सर्वांत फसवा प्रकार मात्र दुहेरी नोंदीचा होय. हँडसेटमध्ये नावांची एक मोठी यादी असते आणि स्पीड डायलच्या मोजक्या जागा असतात. यादीतले नाव निवडून ते एखाद्या कळीवर बसविता येते. पाहणाऱ्याला वाटते की कळ आता त्या नावाशी बांधली गेली. काही यंत्रांत तसे असतेही; परंतु अनेक यंत्रांत कळीवर जाते ती नोंदीची नक्कल. पुढे मुलाने क्रमांक बदलला, सुट्टीत आलेल्या नातवाने यादीतील क्रमांक मोठ्या तत्परतेने सुधारला, तरी कळीवरची नक्कल जुनीच राहते. पडद्यावर नाव मुलाचेच दिसते आणि पलीकडे बोलतो कोणी अनोळखी इसम, कारण सोडून दिलेला मोबाइल क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. यादी आणि कळ या दोन वेगळ्या वह्या आहेत असे समजूनच दोन्हीकडे दुरुस्ती करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

एकाच बेसवर दोनतीन हँडसेट असतील तर आणखी एक प्रश्न उद्भवतो. काही यंत्रांत नोंदी बेसमध्ये राहतात आणि सर्व हँडसेटना सारख्या उपलब्ध होतात; काहींत प्रत्येक हँडसेटची स्मृती स्वतंत्र असते. दुसऱ्या प्रकारात दिवाणखान्यातील हँडसेटवर दोन म्हणजे डॉक्टर आणि शयनगृहातील हँडसेटवर दोन म्हणजे किराणा दुकान असेही होऊ शकते. पहाटे तीन वाजता वाण्याला उठविण्यापेक्षा एका दुपारी दोन्ही हँडसेट शेजारीशेजारी ठेवून त्यांवरील कळा जुळवून घेतलेल्या बऱ्या.

कोणत्या कळीवर कोणाला बसवावे हा यांत्रिक प्रश्न नसून घरचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो अधिक रंजक आहे. साधारणपणे ज्येष्ठतेच्या क्रमाने नावे घालण्याकडे लोकांचा कल असतो: थोरला मुलगा पहिला, मग धाकटा, मग मुलगी, मग जावई. लग्नपत्रिकेस हा क्रम शोभतो, दूरध्वनीस नाही. रात्री अडीच वाजता पुण्याचा मुलगा चिंता करण्यापलीकडे फारसे करू शकत नाही. पाच मिनिटांत दारात उभा राहू शकतो तो शेजारी. तेव्हा सर्वांत सोयीची कळ त्याच्या वाट्याला यावी. ती कोणती? बहुतेक कळफलकांवर पाचच्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो. दृष्टिहीनांना बोटांच्या स्पर्शाने मधली कळ ओळखता यावी म्हणून तो ठेवलेला असतो. ज्याचा चष्मा हरवला आहे तो माणूस तेवढ्यापुरता त्यांच्यातलाच एक. अंधारातही पाचची कळ सापडते. म्हणून शेजाऱ्याला पाच द्यावा आणि डॉक्टरांना त्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताची कळ. एकची कळ काही यंत्रांत ध्वनिमुद्रित निरोपांसाठी राखलेली असते. तिच्यावर हक्क सांगण्यापूर्वी माहितीपुस्तिका पाहावी.

पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत यांसाठीचा 112 हा एकत्रित क्रमांक कळीवर ठेवावा की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. तो मुळातच तीन आकड्यांचा आहे, त्याला शून्यही लागत नाही, आणि कळ धरून ठेवण्याचा खेळ लहान मुले आवडीने खेळतात. चुकून लागलेल्या प्रत्येक हाकेमागे खऱ्या हाकेचा थोडा वेळ खर्ची पडतो. तेव्हा तो कळीवर न ठेवता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून बेसशेजारी चिकटविणे अधिक शहाणपणाचे दिसते. त्याच कागदावर कोणत्या कळीवर कोण आहे हेही लिहावे. यंत्र बिघडून नवे आणावे लागले तर जुन्यातील कळा आपोआप नव्यात येत नाहीत. तेव्हा हा कागदच उपयोगी पडतो. शिवाय घरात पाहुणी आलेली बहीण किंवा कामास येणाऱ्या बाई यांनाही तो वाचता येतो.

ही सारी व्यवस्था विजेवर उभी आहे, हे विसरून चालणार नाही. तारेच्या जुन्या दूरध्वनीला केंद्राकडून तारेवाटेच सुमारे 48 व्होल्टचा पुरवठा मिळत असे. घरात वीज गेली तरी तो बोलत असे. कॉर्डलेसचा बेस घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की हँडसेटची बॅटरी कितीही भरलेली असो, त्याचा निरोप घेणारा कोणी उरत नाही, आणि एकही कळ काम करीत नाही. म्हणून त्याच जोडणीवर एक साधा तारेचा दूरध्वनी ठेवण्याचा जुना रिवाज चांगला होता. जेथे तांब्याच्या तारेऐवजी काचतंतूची जोडणी आली आहे तेथे तोही उपाय अपुरा पडतो, कारण त्या जोडणीची पेटीही घरच्या विजेवरच चालते. तेथे पेटी आणि बेस या दोहोंना बॅटरीचा आधार द्यावा लागतो. क्रमांकांची स्मृती मात्र आजच्या यंत्रांत वीज गेल्याने पुसली जात नाही. जुन्या काही यंत्रांत ती पुसली जाई, आणि त्या काळचा अविश्वास अजून अनेकांच्या मनात आहे.

हँडसेटमधील पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या दोनतीन वर्षांत थकतात. त्या बदलण्याचा दिवस हाच कळा तपासण्याचा दिवस ठरविला तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. हँडसेट गादीखाली किंवा देवघरात राहिला असेल तर बेसवरील शोधकळ दाबताच तो वाजू लागतो आणि सापडतो. बॅटरी अगदीच संपलेली असेल तर मात्र तो गप्प राहतो. मग एकेक कळ धरावी, पलीकडे घंटा वाजू द्यावी, आणि नाव व माणूस यांची गाठ पडते की नाही ते पाहावे. डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवलेले बरे. पाचची कळ दाबली जाते, शेजारचा मुलगा दुसऱ्याच घंटेला घाईने उचलतो आणि ‘आजी, सगळं ठीक आहे ना?’ असे विचारतो; आणि आजी त्याला सांगतात की सगळे ठीक आहे, बॅटरी नवी घातली म्हणून लावून पाहिला, आणि आता उठलाच आहेस तर चहाला ये.